बिकिलाने रोममध्ये बूट घेतले होते

पोलीस भरतीचा मोसम जवळ आला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाकडे बुटांना पैसे नव्हते, कोच नव्हता, तरी १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली. तेव्हा पोरांनो, सोयी मागू नका, जिद्द ठेवा. यात अनवाणी धावला आणि जिंकला, एवढंच खरं.

आधी बुटांचं. बिकिला सम्राट हैले सेलासींच्या शाही रक्षक दलात नोकरीला होता आणि देशाच्या संघातून रोमला गेला होता. तिथे त्याने नवे बूट घेतले. ते चावले, पायाला फोड आले. अनवाणी पळायची सवय होतीच, म्हणून त्याने बूट बाजूला ठेवले. शर्यतही संध्याकाळी सुरू झाली आणि अंधारात संपली. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हाच्या डांबरावर पोरांना अनवाणी पळवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

कोच नव्हता, हे तर धादांत खोटं. ओन्नी निस्कानेन हा स्वीडिश प्रशिक्षक त्याच्यामागे होता. सराव व्हायचा अदिस अबाबाला, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर. विरळ हवेतल्या अशा सरावाने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद वाढते. रोमला जाण्याआधी तिथेच तो २ तास २१ मिनिटं २३ सेकंदांत मॅरेथॉन धावला होता. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू झाटोपेक याचा १९५२ चा ऑलिंपिक विक्रम होता २:२३:०३. म्हणजे ‘कुठूनसा आला आणि जिंकला’ हे जगाला वाटलं; निस्कानेनला नसावं वाटलं. रोममध्ये मोरोक्कोचा धावपटू राडी जवळपास शेवटपर्यंत सोबत होता. इटलीच्या मुसोलिनीच्या फौजेने इथिओपियातून उचलून आणलेला अक्सुम या प्राचीन शहराचा स्तंभ वाटेत होता. त्याच्याजवळ बिकिलाने वेग वाढवला आणि २:१५:१६ अशी तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ दिली. (फॉरवर्डमध्ये हा स्तंभ कधीच नसतो. खरी गोष्ट तर तीच आहे.)

अनवाणी होता म्हणूनच जिंकला, असंही काही भाऊ पुढे जोडतात. १९६४ ला टोकियोत तो बूट घालून धावला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत. वेळ २:१२:११, रोमपेक्षा तीन मिनिटं कमी.

राहिली जिद्द. ती त्याच्यात किती होती हे सांगायला नको. पण १९६८ ला मेक्सिकोत पाय दुखावलेला असताना तो उतरला आणि साधारण १७ किलोमीटरवर त्याला थांबावं लागलं. त्याचाच सहकारी मामो वोल्दे जिंकला. भरतीतल्या १६०० मीटर धावण्याच्या तयारीत नडगी ठणकत असतानाही ‘बिकिला थांबला होता का?’ म्हणत पळत राहणारी पोरं आपल्या मैदानांवर दिसतात. त्यांना सांगा, थांबला होता.