मिल्नर म्हणजे ‘भाराभर चिंध्या’? एकेक मुद्दा घेऊ

इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर नेहमी फिरत असतो. त्याचा सारांश असा: “इंग्लंडचा फुटबॉलपटू जेम्स मिल्नर म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. सहा क्लब फिरला, मिळेल त्या जागेवर खेळला, कारण स्वतःची अशी जागा नव्हतीच. पदकं मिळाली ती बेंचवर बसून. इंग्लंडकडून ६१ सामने आणि गोल फक्त एक. पेनल्टी काढून टाका, हातात काय उरतं? इतकी वर्षं टिकला, कारण दारू पीत नाही.”

यातले आकडे बहुतेक बरोबर आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. गडबड आहे ती त्यातून काढलेल्या अर्थात. एका मुद्द्यावर मात्र दावा करणाऱ्यांचं बरंचसं बरोबर आहे, आणि ते कबूल करायला हवं.

“सहा क्लब फिरला, म्हणजे कुणाला नको होता”

लीड्स, न्यूकॅसल, ॲस्टन व्हिला, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, ब्रायटन. सुरुवातीला स्विंडनकडे उसना गेला तेवढाच काळ याखेरीज. आता प्रत्येक बदली का झाली ते पाहा. नोव्हेंबर २००२ मध्ये तो लीड्सकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा वय होतं १६ वर्षं ३०९ दिवस. त्याच वर्षी २६ डिसेंबरला संडरलंडविरुद्ध गोल करून तो प्रीमियर लीग या इंग्लंडमधल्या सर्वोच्च लीगमधला तोवरचा सर्वांत लहान गोल करणारा खेळाडू ठरला. लीड्स कर्जात बुडालेला होता. २००४ मध्ये संघ खालच्या विभागात घसरला आणि विकण्यासारखं जे होतं ते विकलं गेलं. घरच्या गावचा, अठरा वर्षांचा मिल्नर त्यातच न्यूकॅसलकडे गेला, सुमारे ३६ लाख पौंडांना.

न्यूकॅसलने त्याला २००५-०६ मध्ये व्हिलाला उसना दिला. ऑगस्ट २००६ मध्ये कायमची बदली जवळपास ठरली होती, पण बदल्यांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यूकॅसलने त्याला परत बोलावून घेतलं. नको असलेल्या खेळाडूला कुणी असं ओढून आणत नाही. २००८ मध्ये व्हिलाने १.२ कोटी पौंड मोजले. २०१० मध्ये सिटीबरोबरचा व्यवहार सुमारे २.६ कोटींचा होता, त्यात सिटीचा स्टीफन आयर्लंड उलट दिशेने व्हिलाकडे गेला. क्लबामागून क्लब बदलत भटकणाऱ्या खेळाडूची किंमत दर मुक्कामाला उतरते. याची चढतच गेली. पुढच्या दोन बदल्या, २०१५ ला लिव्हरपूल आणि २०२३ ला ब्रायटन, करार संपल्यावर विनामूल्य झाल्या. लिव्हरपूलमध्येच तो आठ मोसम होता.

न्यूकॅसलचे तेव्हाचे व्यवस्थापक ग्रॅमी सूनेस यांचं एक वाक्यही इथे पुरावा म्हणून जोडलं जातं. सगळा संघ जेम्स मिल्नरांचा असेल तर काही जिंकता येणार नाही, अशा आशयाचं. तेव्हा मिल्नर विशीच्या आसपास होता. त्यानंतर त्याने तीन लीग विजेतेपदं आणि एक चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकली. त्या वाक्याचा निकाल लागलेला आहे.

“सगळीकडे खेळला, कारण कुठेच पक्का नव्हता”

हा मुद्दा सविस्तर घ्यायला हवा, कारण खरा गैरसमज इथेच आहे.

२००९ मध्ये गॅरेथ बॅरी व्हिला सोडून सिटीला गेला. व्हिलाचे व्यवस्थापक मार्टिन ओनील यांनी विंगवर, म्हणजे कडेला, खेळणाऱ्या मिल्नरला मधल्या फळीच्या मध्यात आणलं. त्या मोसमात लीगमध्ये ७ गोल आणि पीएफएचा (व्यावसायिक खेळाडूंची संघटना) वर्षातील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा किताब. म्हणजे एक जागा सलग मिळाली तेव्हा तो त्या जागेवर देशातल्या चांगल्या खेळाडूंत गणला गेला. ती जागा पुन्हा पूर्णवेळ मिळाली नाही, कारण सिटीत याया तुरे, डेव्हिड सिल्वा आणि पुन्हा तोच बॅरी होता.

आता लिव्हरपूलमधलं २०१६-१७ चं लेफ्ट-बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) प्रकरण. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, आर्सेनलविरुद्ध, लेफ्ट-बॅक अल्बर्टो मोरेनोच्या चुकीने पेनल्टी गेली (ती गोलरक्षक मिन्योलेने अडवली). पुढच्या सामन्यापासून प्रशिक्षक क्लॉपनी मिल्नरला तिथे उभं केलं आणि मोसमभर तोच खेळला, लीगचे ३६ सामने. उजव्या पायाचा माणूस डाव्या कडेला बचावात आला की काय होतं? चेंडू मिळाल्यावर पहिला स्पर्श आतल्या बाजूला पडतो. कडेने पळत जाऊन गोलरेषेजवळून चेंडू मागे देणं अवघड होतं, क्रॉस लांबून आणि आत वळणारा येतो. त्यात डाव्या बाजूला पुढे कुटिन्यो, तोही उजव्या पायाचा आणि आत घुसणारा. म्हणजे त्या बाजूला मैदान रुंद ठेवणारा कुणीच नाही. मिल्नरला स्वतः बाहेरून धावून डाव्या पायाने चेंडू टाकावा लागे. खाली दाटीवाटीने बचाव करणाऱ्या संघांपुढे लिव्हरपूल त्या मोसमात अनेकदा अडकलं, त्याचं एक कारण हेही होतं.

तरीही संघ ७६ गुणांसह चौथा आला. त्या चौथ्या क्रमांकामुळे चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी मिळाली, आणि तिथून त्या स्पर्धेचा कीव्हमधला अंतिम सामना. २०१७ च्या उन्हाळ्यात हल सिटीकडून अँडी रॉबर्टसन आला, जन्मजात डाव्या पायाचा. कामचलाऊ सोय एका मोसमासाठी होती आणि तेवढा मोसम ती पुरली. लेफ्ट-बॅकला खेळणं आपल्याला फारसं आवडत नाही हे मिल्नरनेही लपवलं नव्हतं.

उजव्या कडेला मात्र त्याची मर्यादा उघडी पडली, हे सांगितलंच पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध राइट-बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) खेळताना विल्फ्रेड झाहाने त्याला हैराण केलं आणि दोन पिवळी कार्डं होऊन तो बाहेर गेला. (कार्ड दाखवणारे पंच जॉन मॉस हे त्याच्या प्राथमिक शाळेत खेळाचे शिक्षक होते. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर पटलं नसतं.) ऑक्टोबर २०२१ मध्ये सिटीविरुद्ध फिल फोडेनने तेच केलं, आणि बर्नार्डो सिल्वावरच्या फाउलसाठी दुसरं कार्ड न मिळणं हे नशीब. कारण सरळ आहे. मिल्नरकडे दम भरपूर, पण उभ्या जागेवरून पहिल्या पाच-सात यार्डांचा झपाटा नाही. मधल्या फळीत तो चेंडू कुठे जाणार ते आधी ओळखून निघतो, म्हणून ही उणीव झाकली जाते. कडेला, समोरासमोर, मागे मोकळं मैदान असताना ती झाकता येत नाही.

तेव्हा “कुठेही खेळू शकतो” हेही खरं नाही. दोन-तीन गोष्टी त्याच्याकडे पक्क्या होत्या: उजव्या पायाची अचूक फेक, थांबलेल्या चेंडूवरची नजर, आणि सहकारी पुढे गेला की त्याची मोकळी जागा आपणहून भरणं. या गोष्टी ज्या जागेवर उपयोगी, तिथे तो चालला. डिसेंबर २०१४ मध्ये अग्वेरो, जेको, योव्हेटिच तिघेही जायबंदी असताना सिटीने त्याला एकट्याला पुढे खेळवलं तेव्हाही तो गोलांसाठी नव्हे, समोरच्या बचावपटूंना धावून धावून अस्वस्थ करण्यासाठीच होता.

यातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना. बार्सिलोनाविरुद्ध पहिला टप्पा ०-३ गमावलेला. मध्यंतराला रॉबर्टसन जखमी. दुसरा बचावपटू उतरवण्याऐवजी क्लॉपनी मिल्नरला मधून डावीकडे सरकवलं आणि मधल्या फळीत वाइनाल्डम आणला. वाइनाल्डमने ५४ व्या आणि ५६ व्या मिनिटाला गोल केले, सामना ४-० संपला. मिल्नरच्या नावावर त्या रात्री गोल नाही, असिस्टही (गोलाआधीचा शेवटचा पास) नाही. पण तो बदल करता आला तो मिल्नर आधीच मैदानावर होता म्हणून.

“पदकं बेंचवर बसून मिळाली”

२०११-१२ मध्ये लीगचं पदक मिळायला किमान १० सामने लागत, नंतर ती अट ५ वर आली. मिल्नरचे त्या मोसमात २६ सामने होते, २०१३-१४ मध्ये ३१. दुसऱ्या मोसमात तो पुष्कळदा बदली म्हणून आला हे खरं. पण ऑक्टोबर २०११ मध्ये सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ६-१ हरवलं ते आठवतं ना? सामन्यातले पहिले दोन्ही गोल बालोटेलीचे, आणि दोन्ही मिल्नरच्या पासवर. त्या मोसमात सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण झाले आणि विजेतेपद गोलफरकावर ठरलं, ६४ विरुद्ध ५६.

२०१७-१८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्याचे ९ असिस्ट झाले, एका मोसमातला तेव्हाचा विक्रम. नववा रोमाविरुद्ध, कॉर्नरवरून फर्मिनोच्या डोक्यावर. परतीच्या सामन्यात सहकारी लव्हरेनने मारलेला चेंडू मिल्नरच्या तोंडावर आदळून स्वतःच्याच जाळ्यात गेला, तेही हिशेबात धरा हवं तर. मार्च २०२० मध्ये बोर्नमथविरुद्ध रायन फ्रेझरचा वरून टाकलेला चेंडू त्याने गोलरेषेवरून बाहेर काढला, लिव्हरपूल २-१ ने जिंकलं.

“इंग्लंड: ६१ सामने, एक गोल”

इथे दावा बराचसा बरोबर. गोल तो एकच, सप्टेंबर २०१२ मध्ये मोल्दोव्हाविरुद्ध. कडेला खेळणाऱ्याकडून एवढ्या सामन्यांत अधिक अपेक्षा रास्त आहे. त्याला तिथे मुख्यतः मागच्या फुल-बॅकचं (कडेच्या बचावपटूचं) रक्षण करायला ठेवलं जाई, हे स्पष्टीकरण आहे, सबब नव्हे. २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याला अर्ध्या तासात बाहेर काढलं गेलं. स्लोव्हेनियाविरुद्ध जिंकून देणारा डेफोचा गोल मात्र त्याच्याच क्रॉसवर झाला. २०१४ आणि २०१६ च्या स्पर्धांत तो जेमतेम दिसला. क्लबमधल्या कामगिरीचा अर्धाही भाग इंग्लंडच्या वाट्याला आला नाही.

“पेनल्टी काढून टाका, आणि दारू न पिणं काढून टाका”

२०१६-१७ चे लीगमधले सातही गोल पेनल्टीचे, मान्य. पण पेनल्टी का काढायची? ऑक्टोबर २०१९ मध्ये लेस्टरविरुद्ध भरपाईच्या वेळेत, १-१ असताना, ती मारायला मैदानावर कोण होतं ते मोजावंच लागतं. चुकल्याही आहेत. मे २०१७ मध्ये साउदॅम्प्टनचा गोलरक्षक फॉर्स्टरने अडवली आणि सामना ०-० सुटला. २०२२ च्या लीग कप आणि एफए कप, दोन्ही अंतिम सामन्यांच्या पेनल्टी फैरीत लिव्हरपूलची पहिली किक मिल्नरची होती, आणि दोन्ही आत.

दारू न पिण्याबद्दल एवढंच, की तेवढ्याने कुणी २४ मोसम खेळत नाही. लिव्हरपूलमध्ये मोसमाआधी लॅक्टेट चाचणी होत असे (शरीर दमू लागलं की रक्तात लॅक्टेट वाढतं). ठरलेल्या टप्प्यांत वेग वाढवत पळायचं, मधे मधे कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त, आणि लॅक्टेट ठरावीक पातळीच्या वर गेलं की तुम्ही बाद. या चाचणीत पस्तिशी ओलांडलेला मिल्नर पुढे असायचा. शरीर शेवटी दगा देतंच. ब्रायटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि जवळजवळ सगळा मोसम वाया गेला, तोही अशा प्रशिक्षकाच्या हाताखाली, जो त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्या फाबियान ह्युर्झेलरनी ३१ ऑगस्ट २०२५ रोजी सिटीविरुद्ध ०-१ ने मागे असताना त्याला बदली म्हणून आणलं. काही मिनिटांतच पेनल्टी मिळाली. ३९ वर्षं २३९ दिवसांच्या मिल्नरने ती मारली, ब्रायटनने सामना २-१ ने जिंकला. प्रीमियर लीगमध्ये याहून मोठ्या वयात गोल फक्त टेडी शेरिंगमने केला आहे.