लेकराच्या तोंडाला मी ब्लीच लावणार नाही

मागच्या बाजारच्या दिवशी भर दुपारी पार्लरमध्ये एक बाई आली. सोबत सहा वर्षांची पोरगी, हातात भज्यांचा पुडा, ओठ तेलानं चमकत होते. तान्ह्या पोळ्याला पोरीला राधा करायची होती.

"ताई, हिले जरा ब्लीच मारून द्या न. उन्हाळाभर मामाच्या गावी रायली, लय काळी पडली पोट्टी."

मी म्हटलं, "एवढ्याशा लेकराला ब्लीच नाही करत मी."

"काऊन? पैसे देऊ राह्यली न मी. फुकट थोडी मांगू राह्यली!"

तोवर पोरगी खुर्चीवर चढून बसली होती. खुर्ची गोल फिरते याचंच तिला अप्रूप, पाय खालच्या दांडीला पुरत नव्हते. मी बाईला पाणी दिलं, समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. "तिकडच्या गल्लीत करून देते" म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघून गेली. दोन दिवसांनी गावातल्या बायांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझी चर्चा. पार्लर टाकून बसली आन् गिऱ्हाईक वापस पाठवते, एवढा माज कशाचा, असं बरंच काही. ग्रुपवर उत्तर द्यायला गेलं की भांडण होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी यवतमाळात कोर्स केला. लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं त्याला आता चौदा वर्षं झाली. तालुक्याचं गाव आहे, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया बाजाराला आल्या की माझ्याकडे येतात. लग्नसराईत जेवायला वेळ मिळत नाही. याच कामावर माझ्या पोरांचं शिक्षण चालू आहे. म्हणजे नटणं-सवरणं वाईट असं सांगायला मी बसलेली नाही. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई महिन्यातून एकदा डोळे मिटून माझ्या खुर्चीत टेकते तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठ्या माझ्या बोटांखाली सैल होतात. ते सुख मला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, ती आज सांगते.

धंद्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका लग्नाच्या आदल्या दिवशी एका घरच्या सात-आठ बाया एकदमच आल्या. त्यांच्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती, नवरीची भाची. "हिलेही करून टाक वं, फोटोत उठून दिसन," असं तिची आत्या म्हणाली. मी केलं. नेहमीसारखी वाटीत क्रीम घेतली, त्यात ॲक्टिव्हेटरची चिमूट टाकली, ब्रशनं गालावर, कपाळावर, हनुवटीवर लावली. कानामागे थोडं लावून बघायचं असतं, ते घाईत राहिलं. आत्या म्हणाली, "हलू नको, चुपचाप बस." पोरगी चुपचाप बसली. मी दुसऱ्या बाईच्या भुवया करत होते. वळून पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले, आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात चाललं होतं. आवाज काही नाही. मी धावत जाऊन ओल्या कापसानं पुसलं. खाली गाल टोमॅटोसारखे लाल. लग्नात ती पोरगी तोंडाला ओढणी लावून फिरली. नंतर गालावर तपकिरी डाग उठले, ते जायला कित्येक महिने लागले. घरच्यांनी मला एक शब्द बोलला नाही, उलट "तिनं सांगितलंच नाही न," असं म्हणून पोरीलाच बोलले.

मोठ्या बाईला जळजळलं की ती खुर्चीतूनच ओरडते, "ए बाई, काढ लवकर!" लेकरू ओरडत नाही. त्याला वाटतं हे असंच असतं, आई-आत्या सगळ्याच हे सोसतात, आपणही सोसायचं. आणि वर मोठ्यांनीच गप्प बस म्हटलेलं असतं. नाही म्हणायची सोय ज्याला नाही त्याच्या वतीनं कुणीतरी नाही म्हटलं पाहिजे. आई म्हणत नसेल तर मी म्हणेन. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या पुढचं.

आता कामाचं बोलते. ब्लीचनं कातडी गोरी होत नाही. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरच्या लवेचा रंग उडवतं, लव सोनेरी होते आणि चेहरा चार दिवस उजळ वाटतो. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर रंग उडवण्याजोगी लव असते तरी किती? आणि लहान लेकराची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, लावलेलं आत जास्त जातं, शिवाय त्याच्या वजनाच्या मानानं अंगाचा पसाराही मोठा. चेहऱ्यावर तेल सोडणाऱ्या ग्रंथी आठ-नऊ वर्षांपर्यंत जवळजवळ झोपलेल्याच असतात. म्हणजे फेशियल, क्लीनअप करून काढायचं काय? तिथे काही साचलेलंच नसतं. साध्या पाण्यानं धुतलेला चेहरा हाच त्या वयाचा फेशियल.

क्रीमचं तर याहून वाईट. आपल्या अकोल्याची बातमी २०२३ च्या जानेवारीत पेपरात आली होती, आठवत असेल. एकाच घरच्या तिघी, आई आणि दोन मुली, पार्लरवाल्या बाईकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्याही किडन्यांना त्रास झाला आणि मुंबईच्या केईएम दवाखान्यात तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मिसळायला परवानगीच नाही. तरी बिनलेबलच्या डब्या येतात. माझ्याकडेही विकायला माणूस आला होता, "मॅडम, सात दिवसांत रिझल्ट" म्हणत. डबीवर ना कंपनीचा पत्ता, ना काय काय घातलं त्याची यादी. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमांचंही तेच. २०१८ साली सरकारनं अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी खेड्यात "ती गोरी करणारी ट्यूब द्या" म्हटलं की मिळते. पहिले काही दिवस चेहरा खुलतो, मग कातडी पातळ पडते, लाल होते, पुरळ उठतात, आणि मलम बंद केलं की आणखी भडकते. आई स्वतःला लावते आणि उरलेलं बोट पोरीच्या गालाला पुसते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

केस सरळ करून द्या म्हणून तर आता चौथी-पाचवीतल्या पोरी येतात, रील पाहून. केस सरळ करायच्या स्मूदनिंग आणि केराटिनच्या कितीतरी औषधांत फॉर्माल्डिहाइड नावाचं रसायन असतं, किंवा २००-२३० अंशाच्या इस्त्रीखाली ते तयार होतं. 'फॉर्माल्डिहाइड फ्री' लिहिलेल्या ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाल्या बाटलीतूनही ते तापल्यावर निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो धूर निघतो तेव्हा माझेच डोळे चुरचुरतात, आणि मी निदान पंखा लावून दाराशी उभी राहते. खुर्चीतलं लेकरू दोन-तीन तास त्याच धुरात बसणार.

मग लेकरांनी नटायचंच नाही का? नटायचं की! आपल्या विदर्भात तर तान्हा पोळा हा सणच लेकरांचा. लाकडी बैल सजवायचा, पोरांनी धोतर-फेटा बांधायचा, पोरींनी नऊवारी नेसायची, गालाला लाली, कपाळाला चंद्रकोर. भुलाबाईची गाणी म्हणायला पोरी परकर-पोलकं घालून घरोघरी फिरतात. यातलं सगळं रात्री तोंड धुतलं की उतरतं आणि सकाळी लेकरू होतं तसं असतं. केस कापणं, दोन वेण्या, नखांना रंग, पानाची मेंदी, यांना माझी काही हरकत नाही. फक्त ती 'पाच मिनिटांत काळी' होणारी मेंदी लेकरांच्या हाताला लावू नका. खरी मेंदी काळी रंगत नाही, त्या काळ्या मेंदीत केस रंगवायचं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की जन्मभर सोबत राहते.

"आमच्या सासूनं तर बाळाची लव पिठाची गोळी फिरवून काढली होती, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं शास्त्र?" असं एकीनं ग्रुपवर विचारलंय. प्रश्न रास्त आहे. माझीही काढली होती, माझ्या मोठ्या पोराचीही काढली. बाळाची ती लव आपोआप गळते, गोळी फिरवा की न फिरवा. जोरानं चोळलं तर कातडी सोलते, पुरळ येतं. धाकट्याच्या वेळी मी सासूबाईंना पाया पडून नको म्हटलं. त्या दोन दिवस रुसल्या. त्याचीही लव गेलीच.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. सहावीतली एक पोरगी, अकरा वर्षांची. शाळेत पोट्टे तिला "मिशीवाली" म्हणायचे. तिनं बापाच्या दाढीचं पातं घेऊन ओठावर फिरवलं आणि चांगलं कापून घेतलं. आई रडत घेऊन आली. मी जखम भरेपर्यंत कशालाच हात लावला नाही, आणि आईला सांगितलं की आधी शाळेत जाऊन मॅडमशी बोल, त्या पोट्ट्यांची मिशी नाही पण जीभ आवरायला पाहिजे. त्या बोलल्याही. पण महिन्यानं पोरगी स्वतःच आली, "मावशी, मले काढायचंच हाये" म्हणाली. मी तिचं थ्रेडिंग केलं. हो, केलं. सुरू करण्याआधी तिला सांगितलं की दुखलं की हात वर कर, मी लगेच थांबते. तिनं दोनदा हात वर केला, मी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "आता करा." तिला काय हवं ते तिला कळत होतं आणि थांब म्हणायची मुभा तिच्या हातात होती. सहा वर्षांच्या राधेकडे यातलं काही नव्हतं. मात्र आठ वर्षांच्या आतल्या मुलीच्या काखेत वगैरे मोठ्या बायांसारखे केस दिसले किंवा छाती वाढायला लागली तर तिला पार्लरला आणू नका, दवाखान्यात न्या. त्याचा इलाज माझ्या दोऱ्यात नाही.

आणखी एक. कितीतरी आया "पोरीच्या चेहऱ्याले तेजच नाही" म्हणून फेशियलला आणतात. पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. तिला रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. पोरी ती दप्तरात टाकतात नाहीतर खिडकीबाहेर. ती गोळी खाल्ली का, जंताची घेतली का, हे आधी विचारा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला डॉक्टरांची गाडी येते तेव्हा पोरीला मुद्दाम दाखवा. गालावर पांढरट, कोरडे चट्टे दिसतात तेही घासून जात नाहीत. लहान वयात ते पुष्कळांना येतात, उन्हानं बाकीचा चेहरा रापला की जास्त उठून दिसतात, आणि खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावत राहिलं की काही महिन्यांत मिटतात. मीही सुरुवातीला त्यांना मळच समजत होते.

त्या दिवशी रागावून गेलेल्या ताईवर माझा राग नाही. मला तिचं दुखणं कळतं. तिलाही लहानपणी कुणीतरी काळी म्हटलं असेल, पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिच्या हाताशेजारी हात धरून रंग पाहिला असेल. माझा पाहिला होता. आपल्यावर आलं ते पोरीवर येऊ नये म्हणूनच ती बाजाराच्या पैशातून दीडशे रुपये बाजूला काढून आली होती. पण त्या दीडशे रुपयांत पोरगी एकच शिकून गेली असती, की तिचं तोंड आहे तसं चालत नाही. आणि हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं असतं.

माझ्या पार्लरवाल्या मैत्रिणींनो, "मी नाही केलं तर दुसरी करेल" हे मीही खूप वर्षं म्हटलं. करू दे दुसरीला. मी कालच दारावर कागद लावलाय: बारा वर्षांखालच्या मुलांना ब्लीच, फेशियल, वॅक्स, स्मूदनिंग, केसांना रंग करून मिळणार नाही. तुम्हीही लावा. आपण तालुक्यात सगळ्यांनी मिळून लावला तर गिऱ्हाईक जाणार कुठे?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी सातपासून दुकान उघडं राहील. लेकरांना घेऊन या. वेण्या, फेटा, चंद्रकोर, राधेची टिकली, सगळं फुकट करून देईन. रिबिनी माझ्याकडच्या. आणि ती भजी खाणारी राधा कुणाच्या ओळखीची असेल तर तिच्या आईला निरोप द्या, मी वाट पाहते.