बेअर्सवाले, चेंडू हेस्टरकडे आला तर ना!

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, खाली नुसतं 'एक जुना बेअर्सवाला' (बेअर्स म्हणजे शिकागोची अमेरिकन फुटबॉल टीम) एवढंच आहे. म्हणून मीही तुम्हाला बेअर्सवालेच म्हणतो, राग मानू नका. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा रात्री, चिडून. एकदा सकाळी, चहाबरोबर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना किंवा गुण झाल्यावर समोरच्याने लांब मारलेला चेंडू, धरून पळत परत आणायला कोणाला उभं करावं, यावर मी लिहिलं होतं की आधी पोराचे हात बघा, मग डोकं, आणि पाय सगळ्यात शेवटी. त्यावर बेअर्सवाल्यांचं म्हणणं असं. मी पुरावा म्हणून दिलेला काइल विल्यम्सचा किस्सा (पुढे सांगतो) किकऑफचा नाहीच, पंटचा आहे, म्हणजे चाल अडल्यावर टीम स्वतःहून लांब मारून देते त्या चेंडूचा. बेअर्सचा नावाजलेला रिटर्नर, म्हणजे चेंडू परत आणणारा, डेव्हिन हेस्टर; त्याच्या शिकागोत राहून 'पाय शेवटी' असं लिहायला माझा हात धजला कसा? सगळ्यात झोंबलेलं वाक्य: 'तुम्ही टीम निवडत नाही आहात, विमा विकताय.' आणि जाता जाता, मी आयुष्यात कधी हेल्मेट तरी घातलंय का.

पहिला मुद्दा मान्य. चूक माझीच, आणि ती बारीक नाही. पंट नको असेल तर रिटर्नरने बाजूला व्हावं. तो चेंडूला शिवला नाही तर चेंडू त्याच्याच टीमचा राहतो. किकऑफचं तसं नाही. दहा यार्ड पुढे गेला की तो चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. 'जाऊ दे' म्हणायची सोय नाही. त्यामुळे पंटवरून किकऑफबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे टेस्टमधला डाव दाखवून टी-ट्वेंटीची टीम निवडण्यासारखं झालं. धरलंत, बरोबर धरलंत.

पण मग तुमच्याही हिशेबाकडे बघू या. तुम्ही लिहिता, 'हेस्टरने वीस वेळा परत आणून टचडाऊन केले, अजून काय पाहिजे?' टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोल रेषेपार नेणं. नेहमीच्या मोसमातले वीस बरोबर. त्यातले 14 पंटवर. एक जायंट्स या टीमविरुद्ध हुकलेल्या फील्ड गोलवर (खांबांमधून लाथेने मारायचा, तीन गुणांचा), 108 यार्डांचा, तो 2006 चा. किकऑफवर राहिले 5. म्हणजे पंट आणि किकऑफची खिचडी मी एकट्याने केलेली नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही 4 फेब्रुवारी 2007 ची आठवण काढलीत, ते बरं केलंत. मायामी, पाऊस, सुपर बोलचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचा, पहिलाच किकऑफ, हेस्टर 92 यार्ड धावत गेला आणि 14 सेकंदांत बेअर्स पुढे. आमच्याकडे तेव्हा सोफ्यावर उभं राहून नाचणारी चार बिऱ्हाडं होती, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं होतं. प्रतिक्रियेत तुम्ही तिथेच थांबता. मी थोडं पुढे जातो.

समोरच्या कोल्ट्सनी टचडाऊन केला, त्यानंतरच्या किकचा जादाचा गुण पावसात गडबडला आणि पुन्हा किकऑफची वेळ आली. आता हेस्टरकडे उंच चेंडू मारायला ते वेडे होते का? त्यांनी खाली, सरपटता मारला. तो गेला गेब रीडकडे. रीड म्हणजे टाइट एंड. त्याचं काम पुढच्या फळीत उभं राहून माणसं अडवायचं. ओला चेंडू त्याच्या हातातून सुटला आणि कोल्ट्सनी उचलला. नशीब म्हणून पुढच्याच खेळीत कोल्ट्सनीही तो सांडला, नाहीतर हेस्टरच्या त्या 14 सेकंदांचं कौतुक पहिल्याच क्वार्टरमध्ये ओसरलं असतं. पुढे सामना 29-17 ने गेलाच, पण त्याला इतर बरीच कारणं होती.

सांगायचं ते एवढंच. किकऑफ कोण परत आणणार हे आपला कोच अर्धंच ठरवतो. उरलेलं अर्धं समोरचा किकर ठरवतो, आणि तो काही तुमच्या-माझ्यासारखा हेस्टरचा भक्त नसतो. तुम्ही जेवढा भारी माणूस मागे उभा कराल, तेवढा चेंडू दुसऱ्याकडे जायची शक्यता जास्त. म्हणून आधी दुसरा माणूस निवडावा. मूळ लेखात हे मला नीट मांडता आलं नव्हतं. हात, डोकं, पाय अशी उतरंड लावत बसलो आणि मुख्य गोष्ट राहून गेली. तुमच्यामुळे ती सापडली, म्हणून चिडलो असलो तरी आभार.

आणि काइल विल्यम्स? किस्सा चुकीच्या खणात ठेवला होता, माणूस बरोबर होता. जानेवारी 2012, फोर्टी-नायनर्सविरुद्ध जायंट्स, जिंकेल तो सुपर बोलला. फोर्टी-नायनर्सचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन गुडघ्यामुळे बाहेर, म्हणून विल्यम्स. एक टप्पा पडलेला पंट त्याच्या गुडघ्याला निसटता लागला आणि जायंट्सना मिळाला. जादा वेळेत दुसरा पंट परत आणताना त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला गेला. जायंट्स 20-17 ने जिंकले. दोष सगळा विल्यम्सच्या माथी आला. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, दुसऱ्या माणसावर आठवडाभर किती घाम गाळला होता हे कोणी का विचारलं नाही?

घरच्या अंगणातलं सांगतो. माझ्या धाकट्याच्या शाळेच्या सामन्यांना मी साखळी धरतो. म्हणजे दहा यार्ड मोजायची ती साखळी बांधलेल्या काठ्या घेऊन बाजूरेषेवर उभा राहणारा पालक. चहापाणी नाही, मानधन नाही, पाऊस मात्र आहे. किकऑफच्या वेळी साखळीवाल्यांना काही काम नसतं, त्यामुळे बघायला निवांत मिळतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या मागच्या टोकाला शाळेतला सगळ्यात वेगवान पोरगा उभा, शंभर मीटरवाला. समोरच्या टीमने त्याला आधीच्या सामन्यात पाहिलं असणार. किकरने चेंडू तिरका, बुटका मारला, आमच्या दुसऱ्या फळीतल्या एका आडव्या बांध्याच्या मुलाकडे. फुटबॉल टोकावर पडला की कुठल्या दिशेने उडेल हे त्यालाही माहीत नसतं. मुलगा वाकला, चेंडू त्याच्या मांडीवर आपटून पुढे गेला, आणि चार जण त्यावर पडले. त्यातला एकही आमचा नव्हता. शंभर मीटरवाला तीस यार्ड मागे कमरेवर हात ठेवून उभा.

कोच त्या मुलाला काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी सरावाला मी पोराला न्यायला लवकर गेलो तर मैदानावर वेगळंच चाललेलं. शंभर मीटरवाला बाजूला पाणी पितोय आणि पुढच्या फळीतली जाडजूड पोरं रांगेत. एकेकाच्या डाव्या काखेत आधीच एक चेंडू कोंबलेला. कोच समोरून दुसरा चेंडू जमिनीवर आपटून उडवतोय, आणि तो उजव्या हाताने छातीशी ओढून घ्यायचा, काखेतला न सोडता. पहिल्या फेरीत काखेतले बहुतेक खाली. शेवटच्या फेरीपर्यंत चेंडूचं टोक बोटांत, बाकीचा चेंडू कोपराच्या बेचक्यात आणि बरगडीला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर दहावीच्या पेपरला बसल्यासारखा भाव. त्या मोसमात नंतर त्या मुलाकडे असाच आणखी एक चेंडू आला. त्याने तो धरला आणि सरळ त्यावर आडवा झाला. शून्य यार्ड. आम्ही साखळीवाले टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरलो.

'नियम बदलले, आता सगळा खेळ वेगाचा झालाय' असंही तुम्ही लिहिलंय. मला नेमकं उलट दिसतं. 2024 पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये किकर आपल्या 35 यार्डांच्या रेषेवर एकटाच मागे असतो. त्याचे दहा जण पलीकडच्या 40 यार्डांच्या रेषेवर, अडवणारे त्यांच्यापासून पाच यार्डांवर. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत या सगळ्यांनी हलायचं नाही. पूर्वी साठ यार्ड धावत येणाऱ्या माणसांना चकवायचं असायचं, तिथे हेस्टरसारख्याला मोकळं रान मिळायचं. आता समोर भिंत उभी असते आणि फट मिळाली तर दीड सेकंद मिळते. खो-खोत खांबाशी वळताना जो पहिल्या दोन पावलांत निसटतो तो, की मैदानभर पळणारा तो? मला पहिला हवा. म्हणूनच बऱ्याच टीम आता तिथे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन गर्दीत घुसणारे, उभे करतात.

शिवाय गोल रेषेपासून 20 यार्डांपर्यंतच्या पट्ट्यात चेंडू पडला की तो घ्यावाच लागतो. त्या पट्ट्यात दोन रिटर्नर उभे करता येतात. आणि 2025 मध्ये गोल रेषेमागच्या एंड झोनमध्ये थेट मारलेल्या किकचा टचबॅक, म्हणजे न पळता चेंडू मिळण्याची जागा, 35 वर नेल्यापासून किकरना तिकडे मारणं परवडेनासं झालं. मग त्यांनी काय केलं? चेंडू न फिरवता, डुगडुगता मारायला लागले, म्हणजे टप्पा वेडावाकडा पडेल. दोघांतल्या कोणाकडे मारतील, सांगा बघू.

आता विमा. तुम्हाला वाटतं स्टार खेळाडू किकऑफला बसवून ठेवणं हा भित्रेपणा आहे. 1998 च्या ऑगस्टमध्ये जायंट्सनी आपला सगळ्यात चांगला कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) जेसन सीहॉर्न किकऑफ परत आणायला उभा केला. मोसमपूर्व सामना, ज्याचा निकाल कोणी मोजत नाही. गुडघ्याचे स्नायुबंध फाटले, अख्खा मोसम गेला. उलट 2014 च्या सुपर बोलमध्ये पर्सी हार्विन, वर्षभर जवळपास बाहेरच होता, त्याला सीहॉक्सनी उत्तरार्धाच्या पहिल्या किकला उभं केलं आणि त्याने 87 यार्डांचा टचडाऊन मारला. शेवटचा सामना होता, राखून ठेवायचं काही उरलंच नव्हतं. तिथे मीही हार्विनच निवडला असता. ऑगस्टमध्ये नाही. याला विमा म्हणत असाल तर हप्ता भरायला मी तयार आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर विसरलात. हेस्टरला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, म्हणून जास्त खेळवायला लागल्यावर 2008 मध्ये खुद्द बेअर्सनीच किकऑफ डॅनियल मॅनिंगकडे दिले. डिफेन्सवाला माणूस, पोस्टर एकाच्याही घरी नसेल. त्या वर्षी किकऑफ परत आणण्याच्या सरासरीत तो लीगमध्ये पहिला आला, 29.7 यार्ड. हेस्टरचा त्या मोसमात परत आणून एकही टचडाऊन नाही. हेस्टर 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, माझे डोळे भरून आले होते, पण म्हणून 2008 चा निर्णय चुकीचा ठरत नाही.

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. तुम्ही म्हणता एका टचडाऊनसाठी दोन फंबल, म्हणजे हातातून सुटलेले चेंडू, परवडतात. स्वतःच्या 25 यार्डांच्या रेषेवर चेंडू गमावला तर समोरच्याला एक पाऊलही न टाकता 42-43 यार्डांचा फील्ड गोल मिळतो. आजचे किकर तो झोपेत मारतात. दोनदा दिलात तर सहा गुण गेले, तेही त्यांनी टचडाऊन केला नाही असं धरून. तुमचा हिशेब माझ्या गळी उतरत नाही.

राहिला हेल्मेटचा प्रश्न. घातलंय, बेअर्सवाले. मागच्या वर्षी, गणपतीच्या आरतीआधी, धाकट्याचं. कानांशी अडकलं. आरतीला मी हेल्मेटसकट उभा होतो, नंतर बायकोने खोबरेल लावून काढलं.