१,२०० रुपयांचा ‘इलेक्ट्रिक टर्बो’ गाडीत बसवू नका

“जर्मन गाड्यांमधला इलेक्ट्रिक टर्बो आता १,२०० रुपयांत! एअर फिल्टरच्या पाइपात बसवा, ताकद ३० टक्के वाढेल, मायलेज वाढेल. जगभर याची बाजारपेठ वाढतेय.” हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाच्यानं त्यावर विश्वास ठेवून हा ‘टर्बो’, म्हणजे खरं तर एक छोटा पंखा, मागवलाय आणि आता तो १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीत बसवायला निघालाय. म्हणून लिहितोय.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र; त्याला विजेची जोड दिली की इलेक्ट्रिक टर्बो. हा प्रकार खरा आहे, एवढं मान्य. ऑडीनं २०१६ मध्ये एसक्यू७ला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर दिला. २०२२ च्या मर्सिडीज-एएमजी सी४३ मध्ये तर टर्बोच्या शाफ्टवरच मोटर आहे. पण ऑडीचा कॉम्प्रेसर ७ किलोवॅटचा, त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा, आणि पाव सेकंदात तो ७०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतो. बाजारपेठेचे अहवाल असल्या, गाडी कंपन्यांना पुरवल्या जाणाऱ्या भागांचे असतात. ते आकडे या पंख्याच्या जाहिरातीत वापरणं ही सरळ फसवणूक आहे.

ताकदीचा हिशेब तर कुणीही करावा. १.२ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा स्वतःच ओढतं. त्यावर अर्धा बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे निम्मा) जादा दाब चढवायला पाच-सहा किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे चारशेहून जास्त अँपियर. आणि पंखा जोडायला सांगतात हेडलाइटच्या वायरला! तिथला फ्यूज १०-१५ अँपियरचा, म्हणजे फार तर १८० वॅट. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पंखा देईल त्याहून जास्त हवा इंजिनच मागतं, आणि पंखा वाटेत अडून बसतो. घाटात ओव्हरटेक करताना जिथे ताकद हवी, तिथेच ती कमी पडणार.

मायलेजचा दावा त्याहून पोकळ. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो, वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग. हवा वाढली तर पेट्रोलही वाढणारच. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही निघालं नाही.

“मित्राला फरक जाणवला” म्हणतात, तो आवाजाचा.

नुकसान मात्र खरं होऊ शकतं. पंखा फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसतो. प्लॅस्टिकचं पातं तुटलं तर तुकडे थेट इंजिनच्या दिशेनं जातात. वायरिंग कापली की वॉरंटीचा वाद वेगळाच. मागवला असेल तर परत पाठवा. टर्बोच हवा असेल तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्या; १ लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं आपल्याकडे आता बऱ्याच गाड्यांत मिळतात.