चेंबरच्या नटवर टेफ्लॉन टेपचा उतारा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर आणि शेवटी भाच्याकडून, 'मामा, हे खरं का?' असं विचारत. सुरुवात नेहमीचीच, 'गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत!' पुढचा मजकूर थोडक्यात असा: ऑइल चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) नटचे, म्हणजे जुनं तेल काढायच्या बुचाचे, आटे गेले तर चेंबर बदलू नका, ती लूट आहे. नटला टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या, पान्याला पाइप घालून फुल टाइट करा. तरी गळलं तर वरून एम-सील लावा. कायमचा इलाज हवा असेल तर एक साइज मोठा नट घाला, तो आपले आटे आपणच पाडत जातो. आटे पाडताना निघणारा धातूचा कीस चुंबकाने काढून घ्या. थेंब थेंब गळत असेल तर काळजी नको, ऑइलचा दिवा लागेपर्यंत गाडी बिनधास्त चालवा.

भोसरीत लेथवर वीस वर्षं काढली आहेत. आट्यांबद्दल कुणी असं काही लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. आटे गेले म्हणून दरवेळी चेंबर बदलावा लागत नाही, हे बरोबर आहे. 'नवीनच टाकावा लागेल' हे वाक्य काही ठिकाणी फार लवकर तोंडातून बाहेर पडतं, हेही मान्य. पण पुढे जे उपाय दिलेत, ते केल्यावर मात्र खरंच चेंबर बदलायची वेळ येते.

आता टेप. सगळा घोळ एका गैरसमजातून होतो. लोकांना वाटतं, चेंबरमधलं तेल आटे अडवतात. तेल अडवतो तो वॉशर. तांब्याचा असो, अ‍ॅल्युमिनियमचा असो नाहीतर रबर बसवलेला, नटची टोपी आणि चेंबरचा सपाट भाग यांच्यामध्ये तो दाबला जातो आणि तिथे तेल थांबतं. आट्यांचं काम एवढंच, की तो दाब कायम धरून ठेवायचा. (हा खरं तर नट नाही, बोल्ट आहे. पण गॅरेजात सगळे नटच म्हणतात, मीही म्हणतो.)

म्हणजे आटे गेले की नेमकं काय जातं? दाब जातो. नट फिरतो, फिरतच राहतो, आवळला जात नाही. मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत हा नट १४ मिमी व्यासाचा आणि दीड मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत १२ मिमीचा, सव्वा पिचचा. दीड पिचच्या आट्याची खोली साधारण ०.९ मिमी भरते. टेपची जाडी मिमीचा एखादा दशांश, तोही इतका मऊ की नखाने ओरबाडला तर निघतो. गेलेल्या धातूच्या जागी तुम्ही हा टेप भरलात तर नट हाताला घट्ट लागेल खरा, पण वॉशरवर दाब येणार नाही. नळाला टेप चालतो, कारण नळाच्या पाइपचे आटे निमुळते असतात. आवळत गेलं की एकमेकांत रुततात आणि टेप उरलेल्या फटी भरतो. चेंबरच्या नटचे आटे सरळ असतात. तिथे रुतायला काही नाही.

टेपविरुद्ध बोलणारे म्हणतात, इंजिनच्या उष्णतेने तो वितळतो. तेही चूक. टेफ्लॉन २५० अंशांपर्यंत निवांत टिकतो, आणि इंजिन ऑइल रोजच्या चालवण्यात शंभरच्या आसपास असतं. टेपला उष्णतेची भीती नाही. भीती आहे ती त्याच्या सुटलेल्या धाग्यांची. नटच्या टोकाला लोंबणारे हे तुकडे तेलात जातात, आणि ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळाशीच बसलेली असते.

पाइप घालून फुल टाइट करण्याबद्दल हिशेबच मांडतो. बहुतेक लहान गाड्यांच्या या नटला २५ ते ४५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा पीळ) लागतो. ४० धरा. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर त्यासाठी १६ किलोचा जोर पुरतो, एका हाताचं काम. आता त्याच पान्याला पाइप घालून लांबी ६० सेंटिमीटर करा आणि गाडीखाली आडवं पडून पाय टेकवून ४० किलोचा जोर लावा. झाले जवळपास २४०. सहापट! नट स्टीलचा, चेंबर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा. कोण हरणार ते सांगायला नको. नटच्या आट्यांचा भाग १२ मिमी धरला तर आठच आटे पकडीत असतात, आणि भार आठांवर सारखा वाटला जात नाही, टोपीकडचे पहिले दोन-तीनच तो उचलतात. ते सोलले की मागचे रांगेने जातात.

एकदा एका गॅरेजातून ऑइल बदलून आलेल्या माझ्याच गाडीचा चेंबर घेऊन मी जुन्या शॉपमध्ये गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना म्हटलं, "मामा, आटे गेले हो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भोकात बोट फिरवलं, बोटाला चिकटलेली चांदीसारखी तार बघितली आणि म्हणाले, "गेले नाहीत साहेब. घालवलेत." ती तार म्हणजे अख्खा आटा होता, स्प्रिंगसारखा उलगडून आलेला.

एम-सीलवर फार वेळ घालवत नाही. पाण्याच्या टाकीला, फुटक्या पाइपला ते छानच. पण ते कोरड्या, खरडलेल्या पृष्ठभागाला धरतं. खालून तेल झिरपत असताना वरून लिंपलेला गोळा चेंबरला चिकटत नाही, तेलाच्या थराला चिकटतो. आणि समजा धरलंच, तर पुढच्या सर्व्हिसिंगला छिन्नी-हातोडा घेऊन नट शोधायचा का?

मोठ्या नटचा उपाय ऐकायला सर्वांत शहाणा वाटतो. असे नट मिळतात, पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मागितलात तर कुणीतरी काढून देईलही. त्यांच्या अंगावर उभी खाच असते आणि ते खरोखर आटे पाडत जातात. पत्र्याच्या चेंबरवर, अडलेल्या वेळी, मी त्याला नाही म्हणणार नाही. पण गाडीखाली झोपून, अंधारात, हाताने सुरू केलेला तो नट सरळ जाईल याची खात्री कोण देणार? दोन अंश जरी वाकडा गेला तरी टोपी एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला फट राहते, वॉशर दबतच नाही. म्हणजे पुन्हा गळती, फक्त भोक आता आणखी मोठं. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरवर भोकाभोवतीचा उंचवटा तडकला तर गोष्टच संपली. घालायचाच असेल तर ज्याच्या पोटात आणखी एक छोटा नट असतो तो प्रकार घ्या. मोठा एकदा बसवून कायमचा सोडायचा आणि तेल छोट्यातून काढायचं, म्हणजे दर वेळी आटे कापले जात नाहीत.

आणि कीस चुंबकाने काढायचा म्हणे. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक? लिहिणाऱ्याने घरातल्या भांड्यावर एकदा फ्रिजवरचं चुंबक लावून बघायला हरकत नव्हती.

मग करायचं काय? त्या मिस्त्री मामांनी केलं तेच. चेंबर खोललेला होताच. तो ड्रिल मशिनच्या टेबलावर सपाट पकडला, गुण्याने काटकोन तपासला, जुनं भोक जरा मोठं केलं, त्यात इन्सर्टचा, म्हणजे भोकात बसवायच्या नव्या आट्यांच्या अस्तराचा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला. १४ च्या इन्सर्टचा टॅप बाहेरून जवळपास १६ मिमीचा असतो, साधा १४ चा टॅप इथे कामाचा नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये रॉकेलचे दोन थेंब. मग स्टीलच्या तारेचं, स्प्रिंगसारखं हेलिकॉइल (हेच ते इन्सर्ट) फिरवत आत बसवलं, कडेपासून जरासं खाली. तारेच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, ती ठोकून मोडतात. मामांनी ती मोडून माझ्या तळहातावर ठेवली. "ही मोजून घ्यायची. चेंबर गाडीवर असता तर ही आतच पडली असती." तारेऐवजी भरीव बुशही बसवतात. नट सारखा काढ-घाल होणार असेल तर तो जास्त चांगला, महाग पडतो एवढंच. दोन्हीत नटला आता अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्टीलचे आटे मिळतात, म्हणजे कंपनीच्या मूळच्या आट्यांपेक्षा टिकाऊ. नटही मूळ मापाचाच राहतो. त्याचे आटे शाबूत असतील तर तोच, नाहीतर नवा, वॉशर मात्र दर वेळी नवा.

चेंबर न खोलताही हे काम करतात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कीस त्यात अडकतो, दोन-तीनदा टॅप काढून पुसायचा, शेवटी अर्धा लिटर स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्यायचं. चांगला कारागीर असेल तर जमतं. तरी मला विचाराल तर अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर खोलूनच करावा. सिलिकॉन लावून परत बसवल्यावर रात्रभर तसाच ठेवा, घाईने तेल भरू नका. उंचवटा तडकलेला असेल तर मात्र नवा चेंबरच. पत्र्याचा चेंबर स्वस्तात मिळत असेल तर तोही बदललेला बरा, तिथे मजुरीचा हट्ट कशाला.

राहिला तो ऑइलचा दिवा. मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य तेच. बऱ्याच गाड्यांत तो लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. लहान पेट्रोल गाडीत तेल तीन-साडेतीन लिटर. त्यातलं बरंच गळून गेलं तरी पंपाची जाळी तेलात बुडालेली असेल तोवर दाब टिकतो आणि दिवा विझलेलाच राहतो. मग एक दिवस खंबाटकी घाटाच्या वळणावर उरलेलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा लागतो. त्या क्षणी क्रँकच्या बेअरिंगना तेल मिळणं बंद झालेलं असतं. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होऊ शकतं. थेंब गळत असेल तर रोज सकाळी गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून बघा, आणि आठवडाभर 'बघू' म्हणत बसू नका.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मूळ मेसेज टाकणारे काका भेटले. रागावले असतील असं वाटलं होतं, पण छान हसले. म्हणाले, "अहो, मी आपलं आलं ते पुढे पाठवलं. मला कशाला लागतंय, माझी गाडी इलेक्ट्रिक आहे."