'फ्रॉम'मध्ये पाहुण्याचा पत्ता टाकू नका

वेबसाइटच्या संपर्क फॉर्मचे मेल येत नाहीत, असं कुणी म्हटलं की एक ठरलेला तोडगा पुढे सरकवला जातो. तो साधारण असा: "पीएचपीच्या मेल फंक्शनमध्ये फ्रॉम म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता द्या, म्हणजे उत्तर थेट त्याला जाईल. जोडीला रिटर्न-पाथची, म्हणजे न पोचलेला मेल कुठे परत यावा ते सांगणारी, ओळ टाका. फंक्शनने ट्रू (म्हणजे 'काम झालं') दिलं की तुमची बाजू चोख. तरीही मेल आला नाही, तर होस्टिंगवाल्याला धरा."

सुरुवात फ्रॉमपासून, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. फॉर्म भरणाऱ्याने याहूचा पत्ता दिला आणि स्क्रिप्टने तोच फ्रॉममध्ये बसवला, की तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने पत्रं धाडू लागतो. आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं, हे डोमेनचा मालक डीमार्क या नियमातून जाहीर करतो. याहूने एप्रिल २०१४ मध्येच ते धोरण 'रिजेक्ट' करून टाकलंय: आमचं नाव लावून आलेलं, पण आमच्याशी न जुळणारं पत्र दारातूनच परत पाठवा. म्हणून असा मेल बहुतेक वेळा स्पॅममध्येही सापडत नाही. त्याआधी हा तोडगा चालायचा, हे खरं. म्हणूनच तो अजून फिरतोय. फ्रॉममध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये द्या. उत्तर तरीही त्यालाच जातं. मात्र तो पत्ता हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळींत) घालण्याआधी तपासा; त्यात नवी ओळ घुसवून कुणी बीसीसीत (छुप्या प्रतींच्या यादीत) भलतेच पत्ते जोडले, तर तुमच्या फॉर्ममधून स्पॅम बाहेर जायला लागेल.

यावर हमखास येणारा सवाल: "पण एसपीएफ तर पास दाखवतंय!" (एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का, याची तपासणी.) दाखवणारच. मेलला पाठवणारे दोन असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या पत्रावरचा. एसपीएफ बघतं पाकिटावरचा; वाचणाऱ्याला दिसतो पत्रावरचा. पोचलेला एखादा मेल जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' करून उघडा. रिटर्न-पाथमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि पुढे सर्व्हरचं नाव, असं काहीतरी दिसेल. म्हणजे वेब सर्व्हर ज्या युजरखाली चालतो, तोच पाकिटावर बसलाय. त्या सर्व्हरच्या डोमेनसाठी एसपीएफ पास आणि त्याच मेलला डीमार्क फेल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. डीमार्कला एवढंच हवं असतं, की एसपीएफ पास झालेलं डोमेन किंवा डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल) सही करणारं डोमेन, दोघांतलं निदान एक फ्रॉममधल्या डोमेनशी जुळावं.

मग रिटर्न-पाथची ओळ हेडरमध्ये लिहून भागतं का? नाही. ती ओळ शेवटचा, मेल पोचवणारा सर्व्हर पाकिटावर बघून स्वतः लिहितो. तुमची ओळ त्याच्या लेखी नसल्यासारखीच. पाकीट बदलायचं तर मेल फंक्शनच्या पाचव्या जागी डॅश-एफ आणि त्याला चिकटून आपला पत्ता द्यावा लागतो. (पीएचपीच्या सेटिंगमध्ये सेंडमेल-फ्रॉम बदलून लिनक्सवर तासन् तास डोकं आपटणारे मी पाहिलेत. ते सेटिंग फक्त विंडोजसाठी आहे.)

या पाचव्या जागी फॉर्ममधून आलेलं काहीही जाऊ देऊ नका. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलर या मेल पाठवायच्या तयार लायब्ररीमध्ये सापडलेलं भगदाड नेमकं इथलंच होतं: पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून चलाखीने रचलेला मजकूर सेंडमेलच्या (सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या) आदेशात शिरायचा आणि हल्लेखोराला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता यायचा. ५.२.१८ या आवृत्तीत ते बुजवलं, त्यालाही पळवाट निघाली, म्हणून लगेच ५.२.२० काढावी लागली.

ट्रूचं म्हणाल, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याच मशीनवरच्या मेल प्रोग्रामने पत्र हातात घेतलं. नंतर समोरच्याने ते नाकारलं, तर नकाराचं पत्र पाकिटावरच्या पत्त्यावर परत येतं. तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असेल, तर ते कुणीच न उघडलेल्या पेटीत पडून राहतं, कारणासकट. होस्टिंगवाल्याला फोन करण्याआधी ती पेटी आणि मेल लॉग (सर्व्हरने ठेवलेली मेलची नोंद) वाचा. कधीकधी दोष खरंच त्याचा निघतो, अनेक साइट्सचा मिळून असलेला शेअर्ड आयपी पत्ता स्पॅमच्या काळ्या यादीत असतो. पण मग ते लॉगमध्येच लिहिलेलं असतं.

एवढं करूनही फ्रॉम विचित्र दिसत असेल, तर कोडमधली अवतरणचिन्हं बघा. हेडरची ओळ एकेरी अवतरणात लिहिली, तर पीएचपी बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एनला नवी ओळ समजत नाही. ती चार अक्षरं तशीच उतरतात आणि रिप्लाय-टू फ्रॉमच्याच शेपटीला चिकटतो. दुहेरी अवतरणं घाला, किंवा पीएचपी ७.२ पासून हेडर ॲरे म्हणूनच देता येतात, तसे द्या. आणि नाव देवनागरीत असेल तर ते कच्चं टाकू नका, एमबी-एनकोड-माइमहेडर या फंक्शनमधून काढून घ्या.