गणपती कोणाचे बरोबर?

२०२३ साली आमच्या नात्यागोत्यात गणपती दोनदा बसले. माहेरी टिळक पंचांग, तिथे २० ऑगस्टला. सासरी दाते, तिथे १९ सप्टेंबरला, बाकीच्या महाराष्ट्राबरोबर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींना मात्र पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, आणि सगळं ऐकून झालं की ते विचारतातच, "बरं, पण मग बरोबर कोणाचं?"

हाच प्रश्न त्या वर्षी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पेटला. काकाने मूर्तीचा फोटो टाकला. त्याखाली आत्याने लिहिलं, "काय रे, श्रावणातच बसवलात? निदान सोमवार तरी संपू द्यायचे." आत्या काकाची सख्खी थोरली बहीण, पण तिच्या सासरी दाते. काकाचं उत्तर महिनाभराने, तिच्याकडच्या गणपतीच्या फोटोखाली: "आमचं विसर्जन होऊन जुनं झालं. तुम्ही बसवा सावकाश, आश्विनात." मग पंचांगांच्या पानांचे फोटो, कोणाचा तरी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, आणि एका चुलतभावाचं मानाने ग्रुप सोडून जाणं. गंमत अशी की दोन्ही बाजू पुरावा म्हणून आपापलंच पंचांग दाखवत होत्या.

मुळात भानगड काय आहे? राशिचक्र कुठून मोजायला सुरू करायचं, एवढाच वाद आहे. एक पक्ष, म्हणजे टिळक पंचांगाचा, म्हणतो, रेवतीची तारा शून्यावर धरा. दुसरा, दात्यांचा, म्हणतो, चित्रा बरोबर समोर, १८० अंशांवर धरा. सूर्यसिद्धांतात चित्रा १८० अंशांवर आहे आणि रेवती जवळजवळ शून्यावर, म्हणजे ग्रंथाचा आधार दोघांनाही आहे. पण आकाशातल्या त्या दोन तारा एकमेकींच्या अगदी समोर नाहीत, सुमारे चार अंशांचा फरक पडतो. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून दोन पंचांगांतल्या संक्रांती, म्हणजे सूर्य नव्या राशीत शिरण्याचे दिवस, चारेक दिवस पुढेमागे होतात. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक. चार दिवसांच्या फरकाने संक्रांत या महिन्यातून त्या महिन्यात गेली की दोघांचे अधिक महिने वेगळे होतात. २०२३ ला दात्यांचा अधिक श्रावण होता, टिळकांचा नव्हता. तिथीचा तर वादच नव्हता. २० ऑगस्टला चतुर्थी दोन्ही पंचांगांत होती, तंटा फक्त महिन्याच्या नावाचा.

यातला रेवतीपक्ष काही आडगावच्या हट्टी लोकांनी काढलेला नाही. केरूनाना छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास पटवर्धनी पंचांग सुरू केलं ते याच पक्षाचं. ते डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांचे गुरू. टिळकांनी हा विषय शेवटपर्यंत सोडला नाही. १९०४ च्या मुंबईच्या ज्योतिष परिषदेतही ते पुढे होते. पुढे १९५२ साली केंद्र सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने धार्मिक पंचांगासाठी जो आरंभबिंदू धरला तो चित्रापक्षाच्या जवळचा होता. रेवतीवाल्यांनी त्यासाठी पंचांग बदललं नाही. आमच्या काकाने तर नाहीच नाही.

आता मूर्तिकाराचं बघा. माहेरच्या गावी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, टिळकवाल्या घरांचे पाट वेगळ्या फळीवर असतात. रंगकाम त्यांचं आधी. त्याला कोणी विचारलं की खरी चतुर्थी कोणती, तर तो डोळ्यांची आखणी करता करता म्हणतो, "तुमका कधी होयो ता सांगा." गुरुजींचं तर आणखी भारी. ऑगस्टमध्ये काकाकडे संकल्प सांगताना ते "भाद्रपद मासे शुक्लपक्षे चतुर्थ्यां तिथौ" म्हणतात, आणि सप्टेंबरमध्ये चार घरं सोडून दात्यांच्या घरी पुन्हा तेच, अक्षर न बदलता. या दोघांचं पोट दोन्ही पंचांगांवर आहे म्हणून ते शहाणे, असं काका म्हणतो. असेलही.

पण काकाला आणि आत्याला नेमकं हवं काय होतं, हे मला बरेच दिवस पडलेलं कोडं. दोघांपैकी एकालाही स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आपण बरोबर आहोत हे त्यांच्याकडे आधीच होतं, त्यावर समोरच्याची सही तेवढी हवी होती.

आणि ती सही द्यायची तर काय द्यावं लागतं? काकाने दाते मानले, तर आजोबांनी आणि पणजोबांनी कित्येकदा भलत्याच महिन्यात गणपती बसवला, असं त्याला म्हणावं लागतं. ते तो कसं म्हणेल? आत्याचं तर याहून अवघड. लग्न होऊन गेली तेव्हा सासरी "तुमच्याकडचं सगळं जगावेगळंच" हे तिने बरीच वर्षं ऐकून घेतलं, आणि मग एके वर्षी माहेरचे गणपती असताना आपण घरी नुसती आमटी-भात करतो आहोत, याची सवय करून घेतली. एवढं सगळं केल्यावर धाकटा भाऊ येऊन म्हणणार की बरोबर आम्हीच होतो? रेवती आणि चित्रा यात कुठेच नव्हत्या.

हे लक्षात आल्यापासून मी त्या प्रश्नाला उत्तर देणं बंद केलंय. माझं मत आहे. मला विचाराल तर आरंभबिंदू ही निवड आहे, आणि बहुसंख्यांबरोबर सण करण्यात सोय आहे, म्हणून दाते. काकासमोर मात्र मी हे बोलत नाही, आणि न बोलल्याने माझं काही अडत नाही. त्याच्याकडे आरतीला जाते, मोदक वळते. "आमचं पटलं ना तुला?" असं तो अधूनमधून चाचपून बघतो. मी म्हणते, "काका, खोबरं किसून झालं का?"

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यालाच हो म्हणत सुटायचं का? मुळीच नाही. छत्रे आणि टिळक ज्यासाठी आधी भांडले तो मुद्दा वेगळा होता. सोळाव्या शतकातल्या ग्रहलाघव या ज्योतिषगणिताच्या ग्रंथावरून केलेली पंचांगं आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पंचांगातला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, ग्रहण सांगितलेल्या वेळी लागलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तिथे त्यांनी माघार घेतली नाही ते उत्तम झालं, कारण सूर्य ग्रासला की नाही हे अंगणात उभं राहून कोणालाही बघता येत होतं. आज दाते काढा नाहीतर टिळक काढा, ग्रहणाची वेळ एकच असते. त्यावरून आमच्या ग्रुपवर कधी कोणी कोणाचा स्क्रीनशॉट काढलेला मला आठवत नाही.